भिडूंसाठी खेळणी घडविणारा माणूस

टेनिस हा दोघांचा खेळ. ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेल्या ‘व्हर्च्युअल बॉय’ या यंत्रासोबत निन्टेन्डो कंपनीने जो गेम दिला होता, तो टेनिसचाच होता. टेबलावर ठेवलेल्या लाल-काळ्या खोक्याला दुर्बिणीसारखे डोळे लावायचे, की काळोखात लाल रेषांनी आखलेले मैदान खोलवर पसरलेले दिसे आणि चेंडू खरोखरच अंगावर येत असल्याचा भास होई. जाळ्यापलीकडे मात्र कोणी माणूस नसे. प्रतिस्पर्धी यंत्रच असे आणि दुहेरी सामना खेळायचा म्हटले, तर भिडूही यंत्रच पुरवी. दोन यंत्रे एकमेकांना जोडण्यासाठीची खाच त्या खोक्यात होती. परंतु त्या खाचेत बसणारी केबल बाजारात कधीच आली नाही.

हे यंत्र ज्यांच्या देखरेखीखाली घडले ते गुनपेई योकोई तोपर्यंत तीस वर्षे खेळणी करीत आले होते. त्यांची उत्तम खेळणी पाहिली, तर जवळपास प्रत्येकात दुसऱ्या माणसासाठी जागा राखलेली दिसते. अशा माणसाच्या हातून एकट्याने खेळायचे, बाजूला बसलेल्याला काहीही न दिसू देणारे यंत्र तयार व्हावे आणि तेच त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले अपयश ठरावे, ही गोष्ट खेळांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आठवली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’चे जुने खेळ आपल्या ‘स्विच’ यंत्रांवर पुन्हा उपलब्ध करून देण्याची घोषणा केली, तेव्हा योकोई हे नाव नव्या पिढीच्या कानावर पुन्हा एकदा पडले. तोवर त्यांच्या निधनाला २८ वर्षे होत आली होती.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत दाखल झाले. ही कंपनी त्या वेळी व्हिडिओ गेम करीत नव्हती. करणे शक्यही नव्हते. १८८९ मध्ये क्योटोत सुरू झालेला हा कारखाना ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते छापणारा. बारा महिन्यांची बारा फुले-झाडे आणि ४८ पानांचा जोड. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांनी जपानात नेलेल्या पत्त्यांतून ही परंपरा उगवली. आपल्याकडे सावंतवाडीच्या गोल, लाखेच्या रोगणाने चकाकणाऱ्या दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा जोड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हानाफुदाची फुले परकी वाटू नयेत. गंजिफा कलावंतांच्या हातातच राहिल्या, हानाफुदा कारखान्यात गेल्या, एवढाच काय तो फरक. अर्थात तो लहान नव्हे.

नव्या अभियंत्याला काम मिळाले ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची निगा राखण्याचे. यंत्रे नीट चालत असली, की हाताला काम नसे. अशा रिकाम्या वेळात योकोई यांनी कारखान्यातल्या यंत्रावर एक गंमत तयार केली. कात्रीसारख्या एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या, मूठ दाबली की लांब जाणाऱ्या आणि पुढे चिमट्याने वस्तू पकडणाऱ्या. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यातून फेरी मारत असताना त्यांच्या नजरेस हा उद्योग पडला. अध्यक्षांनी बोलावणे धाडले, तेव्हा योकोई यांना कानउघाडणीची धास्ती वाटली होती. प्रत्यक्षात, ही वस्तू वर्षअखेरच्या विक्रीसाठी तयार करावी, असा हुकूम मिळाला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ती बाजारात आली आणि दहा लाखांहून अधिक खपली. यंत्रांची देखभाल करणारा तरुण खेळणी विकसित करणारा झाला.

पुढल्या काही वर्षांत त्यांच्या हातून घरात चेंडू टाकणारे यंत्र निघाले, तसेच १९६९ मध्ये ‘लव्ह टेस्टर’ही निघाले. या वस्तूला शास्त्रीय मोल शून्य. दोघांनी एकेका हातात धातूचा एकेक गोळा धरायचा, मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, की शरीरातून वाहणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहावर काटा हले आणि प्रेम किती ते ‘मोजले’ जाई. मुलींचा हात हाती घेता यावा, हाच या शोधामागचा हेतू होता, हे योकोई यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. गमतीचा भाग सोडला, तरी या खेळण्याची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकट्या माणसाला ते खेळताच येत नाही.

आभासी जगाशी त्यांची पहिली गाठही याच काळात पडली. शार्प कंपनीतून आलेले मासायुकी उएमुरा यांच्यासमवेत त्यांनी प्रकाशाची बंदूक तयार केली. बंदुकीतून गोळी नव्हे, प्रकाशाची तिरीप सुटे आणि लक्ष्यावरील सौरपट्टी ती ओळखे. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरून शेकडो बोलिंग केंद्रे ओस पडली होती. १९७३ मध्ये निन्टेन्डोने त्या लांबलचक दालनांत ‘लेझर क्ले’ नेमबाजी बसविली. भिंतीवर आकाश उमटे, मातीच्या तबकड्या उडत आणि खेळाडू खांद्याला खांदा लावून त्यांचा वेध घेत. आज ज्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा खेळ म्हणतात, त्याचेच हे साधे रूप, पण मंडळींच्या घोळक्यात अनुभवण्याचे. त्याच वर्षी तेलसंकट कोसळले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जाच्या गाळात रुतली. आभासी वास्तवाने योकोई यांचा हात पोळण्याची ही पहिली वेळ होती.

त्यांच्या सर्वांत फलदायी कल्पनेची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. जपानच्या वेगवान रेल्वेत एक कंटाळलेला नोकरदार खिशातील कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. प्रवासात माणसाचा वेळ जात नाही आणि हातात कॅल्क्युलेटर आहे; मग कॅल्क्युलेटरच्याच पडद्यावर, त्याच्याच चिपवर खेळ का असू नये? १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आले. खिशात मावणारे, घड्याळही दाखविणारे. ही मालिका चार कोटी ३४ लाखांच्या घरात खपली. वाट पाहणे हा ज्या ठिकाणांचा स्वभाव आहे, त्यांना या कल्पनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एसटीसाठी ताटकळणाऱ्या मुलांच्या हातात आज मोबाइल असतो. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील जत्रांमध्ये आणि बसस्थानकांबाहेरच्या हातगाड्यांवर ‘९९९९ गेम’ अशी बढाई मारणारे स्वस्त ‘ब्रिक गेम’ मिळत. त्या नकलांचे मूळ शोधत गेले, तर वाट योकोई यांच्या टेबलापर्यंत पोहोचते.

याच मालिकेतील १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी त्यांनी अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण योजले. डावा अंगठा न उचलता वर-खाली, डावी-उजवीकडे जाता यावे, एवढाच उद्देश. त्यानंतरच्या चार दशकांत जगातील क्वचितच एखाद्या गेम-नियंत्रकाने हे बटण टाळले असेल.

योकोई यांच्या विचारपद्धतीला जपानमध्ये सूत्राचे रूप मिळाले आहे. अगदी नवे, महाग आणि बिनभरवशाचे तंत्र वापरण्याऐवजी सर्वांच्या हाती पडलेले, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ज्या कामासाठी कोणी ते वापरले नाही त्या कामाला लावावे, असा त्याचा आशय. कॅल्क्युलेटरची किंमत पडली म्हणून ‘गेम अँड वॉच’ झाले. जुन्या लोणच्याला चव येते, तसे त्यांना तंत्रज्ञान मुरलेले लागे. या सूत्राचे गुणगान व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बरेच झाले आहे. त्यामुळे वस्तू स्वस्त झाली आणि स्वस्त झाल्यामुळे ती शेजारच्या मुलाकडेही असू शकली, हा त्याचा दुसरा परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. भिडू हवा असेल, तर त्याच्याही खिशाला खेळणे परवडले पाहिजे.

१९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ करणारा तरुण चित्रकार शिगेरु मियामोतो योकोई यांच्या देखरेखीखाली काम करीत होता. दोघांनी मिळून १९८३ मध्ये ‘मारिओ ब्रदर्स’ केला. नावातच भाऊ आहेत. एका पडद्यावर दोन खेळाडू एकाच वेळी उतरतात, मारिओ आणि लुइजी. खालून टाळके मारून शत्रूला उलथवायचे आणि दुसऱ्याने जाऊन त्याला लाथाडायचे. सहकार्य करायचे की भिडूचाच काटा काढायचा, हे खेळाने ठरविलेले नाही. ते खेळणाऱ्यांच्या स्वभावावर सोडलेले आहे. मेंढीकोटात समोर बसलेल्या भिडूने दश्शी घालवली, की घरात जे महाभारत घडते, त्याची चव या खेळाला आहे. सहकाराच्या खेळांत हा आजही पहिल्या पंक्तीत बसतो, कारण सहकार त्यात लादलेला नाही.

१९८९ च्या एप्रिलमध्ये ‘गेम बॉय’ आला. यातील अभियांत्रिकीचे मोठे श्रेय योकोई यांचे सहकारी सातोरु ओकादा यांचे आहे आणि ते दिलेच पाहिजे. हिरवट पडदा, त्यावर चार छटा, चार साध्या पेन्सिल सेल. त्याच सुमारास अटारीने आणि पुढल्या वर्षी सेगाने रंगीत पडद्याची यंत्रे आणली. दिसायला ती कितीतरी देखणी होती. परंतु सेगाचे यंत्र सहा सेल घेऊन काही तासांत मान टाकी, तर ‘गेम बॉय’ दिवसेंदिवस चाले. तो पडला तरी फुटत नसे. आणि त्याच्या कडेला एक लहानशी खाच होती, जिच्यात केबल घालून दुसरा ‘गेम बॉय’ जोडता येई. ‘टेट्रिस’मध्ये एकाने ओळी साफ केल्या, की दुसऱ्याच्या विटांचा ढीग वर सरके, दोन मुले एका केबलला बांधल्यासारखी एकाच बाकावर बसून किंचाळत असत. रंगीत आवृत्तीसह हे यंत्र ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ आला, तो याच केबलच्या आधारावर. लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या आणि दोन्हींत काही प्राणी गाळलेले. मित्राशी देवघेव केल्यावाचून संग्रह पूर्ण होणे नाही. सात वर्षांपूर्वी ठेवलेल्या एका खाचेतून जगातील सर्वांत मोठ्या खेळ-उद्योगांपैकी एक उभा राहिला.

मग ‘व्हर्च्युअल बॉय’चे काय झाले?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी योकोई यांना व्हिडिओ गेमचा धंदा एकसुरी झाल्यासारखा वाटत होता. अधिक रंग, अधिक वेग, अधिक महाग यंत्र. या शर्यतीबाहेरचे काही करावे म्हणून ते अमेरिकेतील रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीच्या तंत्राकडे वळले. लाल दिव्यांची एकच उभी ओळ आणि समोर वेगाने हलणारा आरसा. डोळ्याला त्यातून पूर्ण चित्र दिसे. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र, म्हणून खोलीचा भास. लाल रंग निवडला, कारण लाल दिवे सर्वांत स्वस्त होते आणि कमी वीज खात. काळ्या पार्श्वभूमीमुळे पडद्याची चौकटच नाहीशी होईल आणि खेळाडूला अथांग अवकाशात असल्यासारखे वाटेल, अशी त्यांची कल्पना होती. ती खोटी नव्हती. ‘वारिओ लँड’ हा या यंत्रावरील खेळ पाहिला, तर पात्र समोरून मागच्या थरात उडी घेते तेव्हा योकोई यांना काय हवे होते, ते क्षणभर कळते.

यंत्र मुळात डोक्यावर बांधायचे होते. वजन, भोवळ येण्याची भीती आणि सुरक्षिततेचे प्रश्न यांमुळे पट्टा गेला आणि खोके टेबलावरच्या स्टँडवर आले. डोके हलविले तर चित्र हलत नाही, मग ते आभासी वास्तव कसले? खेळाडूला वाकून बसावे लागे; मान अवघडे, डोके दुखे. सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये, अशी सूचना छापावी लागली. खेळताना मधेच विश्रांतीची आठवण करून देण्याची सोयही ठेवली होती. खेळणेच मुलाला खेळू नको म्हणून सांगते, हे विचित्रच. जाहिरात कशी करायची हाही पेच होता, कारण जे दिसे ते खोक्यात डोळे घातल्याशिवाय दिसत नसे. जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत ते आले. जेमतेम २२ खेळ निघाले, पावणेआठ लाखांच्या आसपास यंत्रे खपली आणि वर्षाच्या आत गाशा गुंडाळला गेला.

अपयशाची ही सारी कारणे खरी आहेत. तथापि योकोई यांच्या आधीच्या कामाशेजारी हे यंत्र ठेवले, की सर्वांत मोठी उणीव रंगाची किंवा मानेची वाटत नाही. ‘गेम बॉय’ खेळणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून दुसरा मूल डोकावू शके. ‘मारिओ ब्रदर्स’भोवती घोळका जमे. ‘व्हर्च्युअल बॉय’भोवती जमलेल्यांना एका मुलाची पाठ तेवढी दिसे. केबल निघाली असती, तर निदान दोन पाठी दिसल्या असत्या, असेही कोणी म्हणेल. पण टेनिसच्या त्या मैदानात पलीकडे एक खरा माणूस तरी उभा राहिला असता.

हा पेच त्या यंत्राबरोबर संपला नाही. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ‘ऑक्युलस’चा आरंभ झाला, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली, तंत्र कुठल्या कुठे गेले, डोके हलविले की जग हलू लागले. तरीही डोळ्यांवर चष्मा चढविणारा माणूस खोलीतील इतरांपासून तुटतो, हे तसेच राहिले. त्यावरची सर्वांत हुशार तोड २०१५ च्या ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या खेळाने काढली. चष्मा घातलेल्या एकालाच बॉम्ब दिसतो. तो निकामी कसा करायचा याची पुस्तिका मात्र खोलीतील बाकीच्यांच्या हाती. एकाने वर्णन करायचे, इतरांनी पाने उलटून वायर सांगायची. चष्म्याचा एकांत हाच इथे खेळाचा नियम झाला आहे. खुद्द निन्टेन्डोने २०१९ मध्ये पुठ्ठ्याचा ‘लाबो व्हीआर’ संच काढला, तेव्हा डोक्याला बांधायचा पट्टा मुद्दाम दिला नाही, जेणेकरून तो घरात या हातातून त्या हातात फिरावा. भव्यतेत आणि स्पष्टतेत महागड्या चष्म्यांपुढे तो संच फिका पडतो. घरातील चौघांना हसवण्यात तो सरस ठरतो.

चष्म्याविना खेळल्या जाणाऱ्या खेळांतही वारे याच दिशेला आहे. २०२१ चा ‘इट टेक्स टू’ एकट्याने खेळताच येत नाही, आणि दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी दुसऱ्याला तो मोफत खेळता येतो. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याला ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये गौरविण्यात आले. कथा थोडी भाबडी आहे आणि शेवटाकडे लांबते; पण दर थोड्या वेळाने दोघांच्या हाती वेगवेगळे अवजार देऊन एकमेकांवाचून अडविण्याचे त्याचे कसब विलक्षण आहे. ‘लव्ह टेस्टर’च्या दोन गोळ्यांचा हा दूरचा वारस म्हणता येईल.

योकोई यांना यातले काही पाहता आले नाही. ‘गेम बॉय’ची सडपातळ आवृत्ती बाजारात आल्यानंतर १५ ऑगस्ट १९९६ रोजी, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेन्डो सोडली. ‘व्हर्च्युअल बॉय’च्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, अशा बातम्या झळकल्या, त्यांनी त्या नाकारल्या. स्वतंत्र व्यवसाय करण्याचा आपला बेत जुनाच होता, असे त्यांचे म्हणणे होते. क्योटोतच त्यांनी ‘कोतो’ ही लहानशी संस्था स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातयंत्राचे काम हाती घेतले. एका सेलवर चालणारे, आडवे-उभे कसेही धरता येणारे, रंगांच्या शर्यतीपासून दूर. म्हणजे पुन्हा आपल्या मूळ वाटेवर.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी ते एका परिचितासोबत होकुरिकू द्रुतगती मार्गावरून मोटारीने जात असताना इशिकावा प्रांतात त्यांची गाडी पुढील ट्रकला किरकोळ धडकली. काय झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले. मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने त्यांना ठोकरले. वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांनी आरंभिलेले यंत्र ‘वंडरस्वान’ या नावाने मार्च १९९९ मध्ये बाजारात आले. त्यासोबत निघालेल्या कोडेवजा खेळाला त्यांचे नाव देण्यात आले, ‘गुनपे’. २००३ मध्ये खेळनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

‘व्हर्च्युअल बॉय’ बंद पडल्यावरही जगभरातील काही हौशी मंडळींनी ते यंत्र जपून ठेवले, दुरुस्त केले, त्यासाठी नवे खेळही लिहिले. त्यांच्यापैकी काहींनी त्या रिकाम्या खाचेत बसेल अशी केबल स्वतःच्या हातांनी तयार केली. दोन लाल-काळी खोकी टेबलावर शेजारी ठेवून, वाकून, माना अवघडत ते एकमेकांशी खेळले.